सरणापुढचे दोन शब्द

आमच्या भागात सरण पेटलं की माणसं लगेच घराकडं फिरत नाहीत. चितेनं नीट पेट घेईपर्यंत थांबायचं असतं, आणि तो वेळ मुका जाऊ नये म्हणून कुणीतरी पुढं होऊन म्हणतं, "आता गुरुजी दोन शब्द बोलतील." शहरातल्यांना याचं नवल वाटतं. माझ्या जावयानं हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो हळूच मला विचारत होता, निवडणूक जवळ आलीय का म्हणून. पण केज घ्या, धारूर घ्या, आमच्याकडं माणूस भाषणाशिवाय जात नाही. सरपंच बोलतो, एखादा पुढारी बोलतो, सोसायटीचा चेअरमन बोलतो, आणि शेवटी, जरा वजन पडावं म्हणून, गुरुजी बोलतात. युसूफ वडगावच्या आसपासच्या गावांत हे गुरुजी म्हणजे मी.

मी प्राथमिक शाळेवर आयुष्य काढलं आणि मुख्याध्यापक होऊन घरी आलो. शाळा सुटली, पण बोलायची सवय कुठं सुटते? पहिल्यांदा एका जुन्या सहकाऱ्याच्या सरणापुढं बोललो, ते लोकांना आवडलं, आणि मग पायंडाच पडला. कुणी गेलं की पाहुण्यारावळ्यांच्या आधी मला फोन यायला लागला. "गुरुजी, उन्हं कलली की नेनार हाव. तुमचं जमतंय न्हवं?" धारूरच्या घाटाखालच्या एका वाडीत तर माझी मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून माणसं मयत अंगणात ठेवून माझी वाट बघत बसली होती. मला त्याचा अभिमान वाटला होता. आता आठवलं की त्या मेलेल्या म्हाताऱ्याची कीव येते.

थंडीत आमचं अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. मागं राहतात म्हातारी माणसं, आणि जायची तीच जातात. मग कारखान्याकडून पोरं जीप करून येतात, अंगावर उसाची धूळ, डोळे लाल. आईच्या शेवटच्या महिन्यांत ती जवळ नसतात. त्यांना त्यांची आई मी सांगायचो. ती हमसून रडायची, आणि मला वाटायचं, बघा, शब्दाची ताकद. हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही, याची मला खात्री होती.

माझी एक पद्धत होती. टोपी काढून डाव्या हातात छातीशी धरायची. उजवा हात वर, पंजा लोकांकडं. कुजबुज थांबेपर्यंत तसंच उभं राहायचं. मग घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "आज शब्द थिजले आहेत." त्यानंतर ते चांगले अर्धा तास वाहायचे, ती गोष्ट वेगळी. गेलेली बाई असली की माझी दोन वाक्यं ठरलेली. एक, ही माउली चंदनासारखी झिजली. आणि दुसरं, जे माझं स्वतःचं होतं आणि ज्यावर माझा फार जीव होता: "या माउलीचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर कुणी ऐकला नाही." हे म्हटलं की म्हातारे माना डोलवायचे. आमच्याकडं बायकाही स्मशानात येतात, लांब बाभळीखाली बसतात. हे वाक्य आलं की त्या तोंडाला पदर लावायच्या. त्या रडतात असं मी समजत होतो.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. माझी बायको अंगणात तूर पाखडत होती. मी आत पेपर वाचत होतो. सूप पडल्याचा आवाज आला, पण मी उठलो नाही, कारण आमच्या घरात काहीतरी सारखं पडतच असतं. पेपर वाचून झाल्यावर बाहेर आलो तर ती भिंतीला कलंडलेली, आणि तुरीत कोंबड्या. अंबाजोगाईला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठवड्याभरानं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या आणि सेवा करा. या वाक्याचा अर्थ मला माहीत होता. दुसऱ्यांच्या घरी ते मी किती वेळा ऐकलं होतं.

आम्हाला एकच मुलगी, लातूरला दिलेली. ती आली आणि तिनं घर ताब्यात घेतलं. आईला पेज भरव, कूस बदल, चादरी धू. मला काही सुधरत नव्हतं. मी इकडून तिकडं नुसता फिरत होतो, आणि फिरता फिरता डोक्यात आपोआप वाक्यं जुळायला लागली. माझी बायको मरणार होती आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मी जे करता येतं ते करत होतो. हे कुणाला पटो न पटो.

एका सकाळी मी गच्चीवर होतो. तिकडं कुणी येत नाही असं समजून मी टोपी काढली होती, हात वर केला होता आणि हलक्या आवाजात वाक्यं बोलून बघत होतो. चंदनाचं वाक्य आलं, उंबऱ्याचं वाक्य आलं. मागं पाहिलं तर मुलगी, धुतलेल्या चादरींचं बादलीभर ओझं घेऊन उभी.

"कुनाचं चाललंय हे?" तिनं विचारलं.

"कुनाचं न्हाई. आसंच."

"आण्णा, आई खाली जिती हाय."

मला लाज वाटायला हवी होती, पण मला राग आला. रंगेहाथ सापडलेल्या माणसाला आधी रागच येतो. मी म्हणालो, "उद्या येळ आली तर लोक माझ्याच तोंडाकडं बघतेल. काय सांगू त्यास्नी? तयारी नको?"

तिनं बादली खाली ठेवली. एक चादर पिळली, दोरीवर टाकली, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमी बोलायचं न्हाई. आईनं सांगून ठेवलंय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं. मग तिनं सांगितलं. मागच्या दिवाळीत मायलेकी करंज्या करत बसल्या असताना हिनं मध्येच म्हटलं होतं, "मी गेल्यावर तुझ्या बापाला बोलू देऊ नको. माझ्यावर बी त्येच म्हनतील, हिचा आवाज उंबऱ्याबाहेर कुनी ऐकला न्हाई. मंग बाया हसतील, आन् हसायला मी नसंन."

"बाया कावून हसतील?" मी विचारलं.

मुलीनं चादरीच्या चुण्या काढल्या. "आई तुमची नक्कल करायची," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यात शेवया करायला बायका आमच्या ओसरीवर जमायच्या, तेव्हा मी नेमका बाजाराला नाहीतर कुणाच्या मातीला गेलेला असायचा. मागं ही पाटावर उभी राहायची. फडक्याची घडी करून तिची टोपी. ती काढून छातीशी धरायची, दुसरा हात वर, पंजा बायकांकडं. सगळ्या चिडीचूप होईपर्यंत थांबायची, माझ्यासारखी खाकरायची, आणि म्हणायची, "आज शब्द थिजले आहेत." मग एखादी म्हणायची, "तूप थिजलं तर गप तरी ऱ्हातं माय." हिनं मेलेल्या कोंबडीवर भाषण केलं होतं. तुटलेल्या पाटीवर केलं होतं. आमचा मिक्सर जळाला तेव्हा त्याच्यावर केलेलं भाषण तर बायका कारखान्यावर घेऊन गेल्या होत्या आणि तिथल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, एकमेकींना करून दाखवत होत्या. "हा मिक्सर चंदनासारखा झिजला. याचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर कुणी ऐकला नाही." आणि तो मिक्सर चार घरांत ऐकू जायचा.

हे सांगताना मुलगी हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रिकामी बादली घेऊन खाली निघून गेली.

मी गच्चीवर तसाच. माझ्याच घरात तमाशाचा फड चालत होता आणि मालकाला पत्ता नव्हता. मी आठवू लागलो, हिनं माझ्यासमोर कधी कुणाची नक्कल केली का. कधीच नाही. माझ्यासमोर ती हळू बोलायची, "जेवता का", "दूध आलं", "फोन वाजतोय". मी पंचक्रोशीत सांगत फिरत होतो की अमक्या बाईचा आवाज कुणी ऐकला नाही, आणि माझ्या बायकोचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता, मी सोडून. स्मशानात बाभळीखाली पदर तोंडाला लावून बसलेल्या बायका डोळ्यांसमोर आल्या. त्या इतकी वर्षं हसू दाबत होत्या. मी तिथंच ठेवलेल्या तुरीच्या पोत्यावर बसलो.

खाली आलो आणि तिच्या बाजेजवळ गेलो. तिचे डोळे उघडे होते. डावा हात गोधडीवर. मी म्हणालो, "तू पोरीला काय सांगितलंस?" ती बघत राहिली. "मला एकदा विचारायचं तरी होतंस. मी बदललं असतं. चंदनाचं काढून टाकतो. उंबऱ्याचं काढतो. दुसरं बोलतो. मान हलव फक्त. हो म्हण." मी तिच्या बाजेची कड धरली होती आणि माझा आवाज चढत होता, याची मला शुद्ध नव्हती. मला तिची परवानगी हवी होती. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याला निरोप दिला त्याला स्वतःच्या बायकोपुढं तोंड उघडायची बंदी, हे मला सहनच होत नव्हतं. तिनं मान हलवली नाही. डोळे मिटून घेतले आणि पापण्यांखालून पाणी आलं. मुलीनं येऊन मला दंडाला धरून बाहेर काढलं.

शेजारची म्हातारी रोज हिला बघायला यायची. सून-लेक ऊसतोडीला, घरी एकटीच. तोंडाची फटकळ, पण हिच्यावर जीव. त्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला ओसरीवर अडवलं आणि विचारलं, लोक माझ्याबद्दल काय बोलतात, खरं सांगा.

तिनं आधी टाळलं. मग म्हणाली, "गुरुजी, राग येईल."

"येऊ द्या."

"तुमी आजाऱ्याच्या घरी गेलात की घरात रडारड व्हती. ठावं हाय का तुमाला?"

मी म्हणालो, मी तर विचारपूस करायला जातो.

"इचारपूस करता का माहिती गोळा करता?" ती म्हणाली. "जलम कुठला, लगीन कवा झालं, दुस्काळात काय खाल्लं. माणूस समजतो की, आता आपलं भाषन चालू झालं. माझ्या मालकाला बघाया आलतात तवा त्यानं गोधडी डोक्यावर का वढली? झोप आलती म्हनून न्हाई. तुमी गेल्यावर म्हनला, मास्तर येऊन गेला, आता काय ऱ्हात न्हाई मी. आन् न्हाईच ऱ्हायला."

तो माणूस मला चांगला आठवत होता. मी बाहेर येऊन म्हटलंही होतं की दादांना ग्लानी आलीय. त्याच्या सरणापुढं मी सांगितलं होतं की शेवटच्या दिवसांतही ते शांत, समाधानी होते.

मग एकेक उलगडत गेलं. लिंबागणेशला माझे एक पाहुणे आजारी होते, तर दारातूनच सांगितलं, "आत्ताच डोळा लागलाय." आतून खोकल्याचा आवाज येत होता. बसस्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात एकदा मी शिरलो तर कुणीतरी म्हणालं, "आले बे गुरुजी. बघ, कुनाचं तिकीट निघालं." सगळे हसले, मीही हसलो. मला वाटलं, ही आपुलकी. पोरं मला वाटेत बघून गाडी कडेला घ्यायची, त्याला मी आदर समजत होतो. लोकांना मी कसा दिसत होतो? घिरट्या घालणारा. जनावर पडायच्या आधीच वर गिधाड येतं ना, तसा. आणि कुणी तोंडावर बोललं नाही, कारण प्रत्येकाला शेवटी आपल्या घरी गुरुजी लागणार होते.

मी म्हातारीला म्हणालो, "मंग बोलवत कावून हुते मला?"

"रीत हाय," ती म्हणाली. "बोलावलं न्हाई तर लोक म्हनत्यात, गरिबाचं मयत हाय." एवढं बोलून ती आत हिच्याजवळ जाऊन बसली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मला आता माझ्या बायकोबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं. भाषणासाठी नाही, मला हवं होतं. ही कोण होती? पाटावर उभी राहून बायकांना लोळवणारी ही बाई माझ्या घरात कधीपासून होती? लहानपणीही नकला करायची का? कुणाकुणाच्या करायची? पण मी बाजेजवळ बसून तोंड उघडलं की तिच्या डोळ्यांत ती भीती यायची, जी मी कितीतरी घरांत बघितली होती आणि ग्लानी म्हणून सोडून दिली होती. एकदा मी नुसतं म्हणालो, "तुझ्या माहेरी त्या विहिरीवर..." आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. माझा प्रत्येक प्रश्न सरणापुढचा झाला होता. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ती माया वाटली असती. मी विचारलं की ती तयारी वाटत होती.

मी मुलीला म्हणालो, तूच विचार. ती म्हणाली, "आण्णा, तिला बोलता येत न्हाई. काय इचारू?" खरंच होतं. मी देवासमोर बसून बघितलं, शेतात जाऊन एकट्यानं ओरडून बघितलं. काही उपयोग झाला नाही. परत आलो की तीच बाज, तोच पेजेचा वास, आणि गप्प पडलेली ती. मला वाटायचं, आपण खाली बसून हिचे पाय धरावेत आणि म्हणावं, एकदा माझ्यासमोर कर. एकदाच. मग जा.

शेवटी मी बोलणंच सोडलं. हे मी मोठ्या समजुतीनं केलं असं कुणी समजू नये. माझ्याजवळचं सगळं संपलं होतं. मुलगी दमली होती म्हणून मी पेज भरवायला लागलो. चमचा डाव्या बाजूनं द्यायचा, उजवीकडून ओघळते, हे मला दोन-तीन चादरी खराब झाल्यावर कळलं. तिच्या केसांना तेल लावलं, तर जटा सोडवताना तिनं कपाळाला आठ्या घातल्या. दुपारी तिच्या बाजेच्या पायथ्याशी बसून राहायचो. ती माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं बघायचो. काही दिवसांनी तिच्या डोळ्यांतली ती भीती कमी झाली, किंवा मला तसं वाटलं.

अशाच एका दुपारी ऊन दारातून बाजेवर आलं होतं. मी चष्मा पुसत होतो. पुसून डोळ्याला लावला तर तिचा डावा हात गोधडीवरून वर उठत होता. मला वाटलं, पाणी हवं. मी तांब्या घ्यायला वाकलो. तर हात तसाच वर, पंजा माझ्याकडं. तिनं तो खाली घेतला नाही. वाट बघत राहिली. मग घशातून खर्र असा एक आवाज काढला, जसा मी काढतो, आणि ओठांचा चांगला असलेला अर्धा कोपरा वर गेला.

आरशात बघावं तसा मी मला दिसलो. तोच हात, तेच थांबणं, तोच आव. अर्ध्या चेहऱ्याच्या आणि वाचा गेलेल्या त्या बाईनं मला हुबेहूब उभं केलं होतं. आज शब्द थिजले आहेत, एवढंच काय ते बोलायचं बाकी होतं.

मी हसलो. इतक्या मोठ्यानं हसलो की परसातल्या कोंबड्या उधळल्या. आणि हसता हसता मला हुंदका आला, तो थांबेना. मुलगी हातातलं टाकून धावत आली, तिला वाटलं, आई गेली. "काय झालं? आण्णा, काय झालं?" मी नुसता हात वर करून दाखवत होतो. हिनं डोळे मिटले होते, पण तो ओठाचा कोपरा अजून वरच होता. माझ्या मनात आलं, ही बरी होईल. होईलच. आणि मग मी हिला रोज पाटावर उभी करीन.

ती चार दिवसांनी गेली, सकाळी, चहाच्या वेळेला. मी तिच्या जवळच होतो.

गाव ऊसतोडीला गेलेलं, तरी माणसं बरीच जमली. माझी बायको, म्हणून आजूबाजूच्या गावांतूनही आली. अग्नी मी दिला. सरण धडधडायला लागलं तशी कुजबुज थांबली, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. हे बघणं मला ठाऊक होतं. माझ्याच हाताखाली शिकलेला एक माणूस आता आमच्या भागातला पुढारी आहे. तो जवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, बोलता का दोन शब्द? का मी बोलू?"

आणि या वेळी माझ्याजवळ सांगायला होतं. इतकी वर्षं मी लोकांपुढं उभा राहिलो, पण मला एखाद्या माणसाबद्दल खरं असं काही माहीत असलेलं ते पहिलंच सरण. त्या दुपारचा तो हात. तो ओठाचा कोपरा. मिक्सरवरचं भाषण. मी ते सांगितलं असतं तर लोक आधी चपापले असते, मग हसले असते, आणि ती कोण होती हे त्यांना कळलं असतं. शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. माझा उजवा हात उठायला लागला होता. शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं तो धरला आणि खाली ओढून स्वतःच्या हातात घट्ट दाबून ठेवला. तिनं आईला शब्द दिला होता. मी मान हलवून नाही म्हणालो.

मग तो पुढारी पुढं झाला. त्यानं टोपी काढली, डाव्या हातात छातीशी धरली. उजवा हात वर केला. खाकरला. मी खाली मातीकडं बघत होतो. "आज शब्द थिजले आहेत," तो म्हणाला. त्याची चूक नव्हती. तो माझ्या कितीतरी भाषणांना हजर होता, आणि आज त्यानं ती मला मानानं परत केली. तो चांगला बोलला. ती चंदनासारखी झिजली म्हणाला. गुरुजींच्या पाठीशी सावलीसारखी उभी राहिली म्हणाला. मी डोळे मिटून घेतले, कारण पुढचं वाक्य मला माहीत होतं.

"या माउलीचा आवाज," तो म्हणाला, "कधी उंबऱ्याबाहेर कुणी ऐकला नाही."

माझ्या शेजारचा एक म्हातारा मान डोलवत हळूच म्हणाला, "लई चांगलं बोलला. अगदी तुमच्यावानी, गुरुजी."

मी बाभळीकडं बघितलं. शेजारच्या म्हातारीनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. तिच्या बाजूची दुसरी, तिच्या मागची तिसरी, सगळ्यांचे खांदे हलत होते. त्या सगळ्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या हसत होत्या. पुरुषांत ते फक्त मला आणि बायकांत त्या सगळ्यांना कळत होतं.

तिनं सांगितलं होतं तसंच झालं. बाया हसल्या, आणि हसायला ती नव्हती.